एक साफ टेप

आनंदा धुरी माणसाचं बोलणं कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकायचा. कापडमिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, वर्षानुवर्षं काढलेली माणसं अशीच असतात. दोनशे साचे एकदम खडखडू लागले, धोटे इकडून तिकडे आदळू लागले, की शेजारच्याने कानाला तोंड लावून बोंब मारली तरी काही पोचत नाही. म्हणून तिथे कुणी ओरडतच नाही. ओठ मोठे हलवायचे, आवाज काढायचा नाही. चार साचे पलीकडचा माणूस ते ओठ वाचतो आणि तसंच उत्तर देतो. चहाचं विचारणं, मुकादमाला, म्हणजे जॉबरला, शिव्या, पोरीच्या लग्नाची बोलणी, सगळं असं मुक्यामुक्याने चालायचं.

कालिंदी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली ती १९७१च्या मे महिन्यात. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती गिरगावची. वडील एका कॉन्व्हेंट शाळेत माळी, त्यामुळे नन्सनी तिला फी न घेता शिकवलेलं. मॅट्रिक होताच ती फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. दिवसभर कानाला हेडफोन. पलीकडच्याने नुसतं 'हॅलो' म्हटलं, की साहेब घरून बोलतोय की क्लबातून, हे ती सांगायची. असे कान असलेली बाई आणि तसे कान असलेला बाप्या एका दहा बाय बाराच्या खोलीत राहायला लागले. पहिले दोन महिने तिला वाटायचं, माणूस घमेंडी आहे. ती स्टोव्हपाशी पाठमोरी बसून काहीबाही विचारायची आणि तो उत्तरच द्यायचा नाही. शेवटी सासू, तुळसाबाई, म्हणाली, "अगो, भिंतीक काय सांगतंस? त्येका तोंड दाखवन बोल."

तेव्हापासून कालिंदी नवऱ्याशी बोलताना वळून, उजेडाकडे तोंड करून बोलायची. राग आला की मात्र मुद्दाम पाठ फिरवायची आणि मनात येईल ते बोलून घ्यायची. चाळीत नवरा-बायकोचं भांडण इतक्या सोयीचं दुसऱ्या कुठल्याच खोलीत नव्हतं.

गिटार घरात आली ती कानाच्याच दुखण्यातून. १९७४ साली आनंदाचा उजवा कान ठणकायला लागला म्हणून तो मिलच्या दवाखान्यात गेला. तिथला कंपाउंडर सायमन डिमेलो दादरला पोर्तुगीज चर्चच्या मागे राहायचा आणि लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्याने कानात थेंब घातले, मनगटातलं घड्याळ काढून कानापाशी धरलं, मग हळूहळू लांब नेलं आणि म्हणाला, "धुरी, वरचे आवाज गेले तुझे. बारीक शिट्टी, चिमणी, घड्याळ, हे आता विसर. खालचे आहेत अजून. ते सांभाळ."

आणि मग, दया आली म्हणून की गंमत म्हणून कोण जाणे, त्याने रविवारी आनंदाला घरी बोलावून एक रेकॉर्ड ऐकवली. बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने आणलेली. एक म्हातारा काळा माणूस, एक गिटार, बाकी काही नाही. सायमनने सांगितलं, याला ब्लूज म्हणतात; अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्यांचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. तालाच्या बारा घरांचा फेरा. संपला की परत पहिल्या घरापासून.

"म्हणजे तिकडे ते कापूस वेचणार, इकडे आम्ही विणणार," आनंदा म्हणाला. "गाणं आमचं का नाही मग?"

"तुम्ही विणून घरी जाऊन झोपता, मॅन," सायमन म्हणाला.

आनंदा घरी येऊन झोपला नाही. सायमनच्या चुलतभावाची मानेला चीर गेलेली जुनी गिटार त्याने दिवाळीच्या बोनसात घेतली. मिलच्या वर्कशॉपातून पोलादी नळीचा बोटभर तुकडा कापून, घासून गुळगुळीत करून आणला. तो करंगळीत घालून तारांवरून सरकवला की गिटार माणसासारखी कण्हायची. तुळसाबाईने पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तांदूळ निवडता निवडता हात थांबवून विचारलं, "कोण मेलो काय रे झिला?"

वाजवणं वर्षा-दोन वर्षांत बऱ्यापैकी जमलं. पण आनंदाच्या मनात वेगळंच होतं. त्याला लोकांसमोर बसायची हौस नव्हती. त्याला एक टेप हवी होती. साठ मिनिटांची, दोन्ही बाजू भरलेली, आणि तिच्यात त्याच्या गिटारशिवाय दुसरा कसलाही आवाज नाही. "आठ तास दोनशे साच्यांचा आवाज ऐकतो," तो म्हणायचा. "एक तास नुसता माझा असू दे. एक साफ टेप. मग गिटार खुंटीला टांगली तरी चालेल."

सायमनच्या भावाने परदेशातून आणलेला कॅसेट रेकॉर्डर वापरून झाल्यावर आनंदाकडे आला. मग रविवारी दुपारी, माशांचं जेवण जेवून चाळ लवंडली की तयारी सुरू व्हायची. कपड्याच्या दोरीवरून माईक खाली सोडायचा, त्याच्यावर आनंदाचा जुना राखाडी मोजा चढवायचा. खिडकीला गोधडी. आणि शेवटी दार. चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लावलं म्हणजे आत मयत तरी आहे नाहीतर काहीतरी लपवण्यासारखं चाललंय. शेजारची सखुबाई दाराबाहेरूनच विचारायची, "काय गं कालिंदे, भरदुपारी कडी? नलूला भाऊ आणताय का?"

आतून कालिंदी ओठ आवळून बसलेली असायची, कारण हसली असती तर तेही टेपवर गेलं असतं. नलू, त्यांची मुलगी, आजीबरोबर खाली अंगणात पाठवलेली असायची.

वाजवून झालं की खरं काम कालिंदीचं. ऑफिसातून मोडीत निघालेला एक हेडफोन तिने मागून आणला होता. तो लावून ती डोळे मिटून बसायची आणि आनंदा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघायचा.

"सातव्या मिनिटाला बादली."

"कुठली बादली? मला नाही आली."

"तुम्हाला कशी येईल? कडी किणकिणली बादलीची. सखुबाईची आहे."

"आणि?"

"आणि वरची तार उतरलीय. दुसऱ्या गाण्यापासून."

की आनंदा ती टेप उलटी फिरवून पुन्हा नव्याने. वरची, सगळ्यात बारीक तार त्याला बोटाला कळायची, कानाला धड कळायची नाही. ती लावायची कालिंदीच्या मानेच्या इशाऱ्यावर. तिने मान हलवली की खुंटी पिळणं थांबायचं. तो तिच्या शब्दाबाहेर नव्हता. एकदा मात्र हसून म्हणाला होता, "तू तोंडाने काहीही सांग. मी तुझा अंगठा बघतो." तेव्हा तिला कळलं, की गाणं मनापासून ऐकताना तिच्या उजव्या पायाचा अंगठा ताल धरतो. तिला स्वतःला ते माहीतच नव्हतं.

अशी सहा वर्षं गेली. दर वेळी काहीतरी निघायचंच. कावळा, कुकर, कुणाच्या तरी रेडिओवर क्रिकेट, कुणाचं तरी बाळ. साफ टेप काही झाली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या न होण्यातच दोघांचे रविवार फार छान जात होते.

१८ जानेवारी १९८२ला, सोमवारी, संप सुरू झाला.

पहिले दोन महिने कुणालाच काही वाटलं नाही; सगळे म्हणायचे, होळीपर्यंत मिटेल. मग गणपतीपर्यंत म्हणू लागले. भोंगे बंद झाले होते, रस्त्यावरची पाळी सुटायची गर्दी संपली होती. एकेक घर बायकामुलांना गावी पाठवू लागलं. तुळसाबाई मालवणला गेली. सखुबाईचा नवरा भाजीची पाटी घेऊन बसू लागला. मजल्यावरच्या बारा खोल्यांपैकी सात खोल्यांना कुलपं लागली, आणि चाळीत अशी शांतता आली जशी ती बांधल्यापासून कधी आली नसेल.

आनंदा मोर्च्यांना जायचा, सभांना जायचा, चाळ कमिटीच्या धान्यवाटपाला हात लावायचा. उरलेला सगळा वेळ त्याचा होता. दुपारी मिटिंग नसेल तर आतून कडी, माईकवर मोजा आणि गिटार. बादली वाजवायला माणूस नव्हतं, कुकरची शिट्टी व्हायला घरात तेवढं नव्हतं. गणपतीत एका बाजूची टेप पुरी झाली. कालिंदीने ती अर्धा तास डोळे मिटून ऐकली, अंगठा हलत होता, आणि म्हणाली, "साफ. एक आवाज नाही." आनंदाने नलूला उचलून खोलीतल्या खोलीत नाचवलं.

कालिंदीला तेव्हाच आत कुठेतरी काहीतरी खुपलं. सगळ्या चाळीचे चेहरे उतरले होते आणि तिच्या नवऱ्याचा उजळला होता. ती सकाळी आठला बाहेर पडायची, संध्याकाळी सातला परत यायची, घर आता तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, आणि घरातला माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच इतका सुखी दिसत होता. त्याचं चुकत काही नव्हतं. तो भांडी घासायचा, नलूची वेणी घालायचा, सभेला न चुकता जायचा. त्याला रागवावं असं काही सापडायचं नाही, आणि त्याचाच तिला राग यायचा. ती स्टोव्हकडे तोंड करून बसायची आणि भिंतीला सांगायची, "संप काय, सुट्टीच आहे आमच्याकडे."

सायमनच्या घरी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आठ-दहा हौशी मंडळी जमायची. कुणी रेकॉर्ड आणायचं, कुणी स्वतः घरी वाजवलेली टेप. सायमनने आनंदाला सांगून ठेवलं होतं, "नोव्हेंबरात तुझी टेप लावू. आख्ख्या ग्रुपला ऐकू दे, साच्यावरचा माणूस काय वाजवतो."

२६ नोव्हेंबर, शुक्रवार. कालिंदीची जोडीदारीण आली नव्हती म्हणून तिने दिवसभर दोन बोर्ड सांभाळले होते. डोक्यात नुसतं 'होल्ड ऑन प्लीज, होल्ड ऑन प्लीज'. घरी आली तर पाण्याचा पिंप कोरडा. नळ साडेचारला येऊन साडेपाचला गेला होता आणि त्या वेळात आनंदा आतून कडी लावून दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं वाजवत होता. नळ आल्याची ओरड त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. एरवी सखुबाई दार ठोठावायची, पण आज तीही भाजीवर बसली होती.

"झालं!" आनंदा तिला दारातच म्हणाला. "पुरी झाली दुसरी बाजू. पाण्याचं मी बघतो, खालून दोन कळश्या आणतो. तू आधी ऐक."

"उद्या ऐकते."

"उद्याच तर दादरला जायचंय. अर्धा तास, कालिंदी. तुझ्या कानांशिवाय मी ती कुणाच्या हातात देऊ?"

तिने चपला काढल्या, खाटेवर बसली, हेडफोन लावला. आनंदाने बटण दाबलं आणि समोर स्टुलावर बसला. गिटारचे पहिले दोन सूर आले. कालिंदीने डोळे मिटले, रेकॉर्डरच्या कडेला आवाजाची बारीक चकती होती, तिच्यावर अंगठा ठेवला आणि ती हलकेच शेवटपर्यंत मागे फिरवली.

शांत झालं. दिवसभरात पहिल्यांदाच. ती तशीच बसून राहिली, पाठ भिंतीला टेकून, अर्धा तास. तिला काही आठवावंसं वाटलं नाही, ती रागावलेलीही नव्हती. ते अर्ध्या तासाचं गप्प असणं तिला इतकं गोड लागलं, की टेप संपून बटण खट्कन वर आलं तेव्हा तिने दचकून डोळे उघडले. आनंदा तिच्याकडे बघत होता.

"साफ?"

"साफ," कालिंदी म्हणाली.

तो क्षणभर तसाच बघत राहिला. मग म्हणाला, "बरं," आणि कळश्या घेऊन खाली गेला.

दुसऱ्या दिवशी नलूला सखुबाईकडे ठेवून दोघं दादरला गेली. सायमनच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, केक कापून ठेवलेला. आनंदाने इस्त्रीचा सदरा घातला होता. मिलमधला आणखी कुणी नव्हता. बँकेतले, शाळेतले, एक दातांचा डॉक्टर, खिडकीपाशी कॉलेजातली दोन मुलं. सायमनने ओळख करून दिली. "कुठली बाजू लावू?"

"दुसरी," आनंदा म्हणाला. "ती जास्त जमलीय."

मोठ्या स्पीकरमधून गिटार सुरू झाली आणि तिच्याबरोबर दुसरं काहीतरी सुरू झालं. बारीक, तीक्ष्ण, न थांबणारं. चीं. पाटीवर नख ओढावं तसं. रेकॉर्डरच्या आतलं रबरी चाक वर्षभराच्या वापराने झिजलं होतं आणि टेप त्याच्यावरून कण्हत सरकली होती. ते कण्हणं टेपमध्येच उतरलं होतं. गिटारच्या वर, सगळ्या सुरांच्या वर. कुणीही साधे कान असलेला माणूस ते पहिल्या क्षणाला ओळखेल. तिला तर ते पुढच्या खोलीतूनही कळलं असतं.

आनंदाला ते ऐकू येत नव्हतं. तो मांडीवर हळूच बोटांनी ठेका धरून बसला होता.

मग त्याची नजर वर आली. दातांच्या डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. एक बाई कानामागे हात नेऊन हसत होती. खिडकीपाशी एक मुलगा दुसऱ्याकडे वळून हळूच काहीतरी म्हणाला. अंतर चांगलं पंधरा फुटांचं असेल, आणि कालिंदीच्या कानांनाही ते शब्द पोचले नाहीत. आनंदाला पोचले. ओठ हलले की त्याला पोचायचेच. कालिंदीनेही मग त्या मुलाचे ओठ पाहिले. अकरा वर्षांत एवढं तिलाही यायला लागलं होतं.

'बहिरा आहे काय हा?'

आनंदा उठला, चालत गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने बटण दाबलं. "पुरे," तो म्हणाला. "मशीन बिघडलंय माझं." मग तो वळला आणि त्याने कालिंदीकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

सायमन जिन्यापर्यंत आला. "धुरी, वाजवणं फर्स्ट क्लास आहे, मॅन. चाक बदल, पुन्हा कर. मी चाक आणून देतो." आनंदाने मान हलवली.

दादरहून लालबागपर्यंत दोघं चालत आली. कालिंदीने ठरवलं होतं, यांनी विचारलं की सांगून टाकायचं. हिंदमाता गेलं, परळ गेलं, भारतमाता आलं. त्याने विचारलं नाही. घरी आल्यावर त्याने दोरीवरचा माईक काढला, त्याच्यावरचा मोजा काढला आणि धुवायला टाकला. सोमवारी सभेला जाताना त्याच्या पायात तो मोजा होता.

संप मिटला असं कुणी कधी म्हटलं नाही. तो हळूहळू नाहीसा झाला. आनंदाच्या मिलने काही जणांना परत घेतलं, त्यांत त्याचं नाव नव्हतं. एक-दीड वर्षाने लालबागच्या मसाला गल्लीत, मिरची कुटायच्या डंकावर त्याला काम मिळालं. लोखंडी मुसळं धडाधडा आपटायची, दहा तास. साच्यांनी वरचे आवाज नेले होते. उरलेसुरले खालचे डंकाने नेले. घरी आला की त्याच्या अंगाला तिखटाचा वास यायचा, नलू शिंकायची. सायमन १९८५ साली कॅनडाला भावाकडे निघून गेला. जाताना ती टेप आणि एक नवं रबरी चाक, दोन्ही एका पाकिटात घालून चाळीत देऊन गेला. आनंदाने पाकीट बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. गिटार कपाटावर गेली. गणपतीत साफसफाईला खाली उतरायची, पुसली जायची, परत वर जायची.

"वाजवा ना कधीतरी," कालिंदी म्हणायची. तो म्हणायचा, "बघू." रागवायचा नाही. फक्त पुन्हा कधी तिला 'ऐक' म्हणाला नाही.

सांगायचं ती रोज उद्यावर टाकत गेली. आधी संप होता. मग त्याची नोकरी. मग तुळसाबाई गेली. मग नलूचं लग्न. मग इतकी वर्षं झाली, की आता सांगणं म्हणजे विसरलेल्या माणसाला मुद्दाम आठवण करून देणं, असं तिने स्वतःला समजावलं. विसरला असेलच की तो. केवढीशी गोष्ट.

२००३च्या डिसेंबरात चाळ पाडून नवी इमारत व्हायची ठरली आणि संक्रमण शिबिरात जायची आवराआवर सुरू झाली. आनंदा डंकावर गेला होता. कालिंदीला बिस्किटांचा डबा सापडला. नलूचा जुना टेपरेकॉर्डर अजून चालायचा. तिने टेप घातली, दुसरी बाजू, आणि चकती पुढे फिरवली.

चीं आलं. तसंच, एकवीस वर्षांनी. कालिंदीने टेप बंद केली नाही. पाचेक मिनिटांनी कान त्या आवाजाला सरावले आणि तिला त्याच्या खालचं ऐकू यायला लागलं. तिने आनंदाची सात वर्षांची प्रत्येक टेप ऐकली होती. त्याच्या हाताच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या. हा हात वेगळा होता. नळी घाईने सरकत नव्हती. सूर वर चढायच्या आधी क्षणभर थांबत होता, जणू जाऊ की नको विचारत होता, आणि मग जात होता. दोनदा म्हटलेल्या ओळीला तिसरीत जे उत्तर यायचं ते दर वेळी निराळं यायचं. इतकं चांगलं त्याने आधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतर तर वाजवलंच नव्हतं. तिने एका वाक्याने सांगितलं असतं, की चाक झिजलंय, तर आठवड्यात त्याने पुन्हा वाजवलं असतं. तेव्हा चाळ शांत होती, हात तयार होता, वेळच वेळ होता. ते सगळं एका वेळी जमून आलेलं परत कधी जमलं नाही.

आनंदा आला तेव्हा ती दाराकडे तोंड करून बसली होती. त्याने हातपाय धुतले, डबा पाहिला, टेपरेकॉर्डर पाहिला. चाळीची भिंत म्हणजे कागद, पलीकडे सखुबाई. कालिंदीने त्याला समोर बसवलं, दिवा लावला आणि साचेखात्यातल्यासारखे ओठ मोठे हलवून, आवाज न काढता, सांगितलं. 'त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं. आवाज बंद केला होता.'

"माहीत होतं मला!" आनंदा म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला आता कळत नसे. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

"काय माहीत होतं रे आनंदा?" पलीकडून सखुबाई.

"काही नाही, सखुबाई!" कालिंदी ओरडली आणि परत ओठांवर आली. 'कसं माहीत होतं?'

आनंदाने तिच्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं. "हलला नव्हता."

'मग टेप दिलीत कशाला?'

तिच्या खुणेवरून आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "पिंप कोरडा होता. तू दमून आलेली. पुन्हा ऐक म्हणायला मला तोंड नव्हतं. म्हटलं, एकदा आपल्याच कानांवर सोडून बघू." तो हसला. "बघितलं."

'मला विचारलं का नाही नंतर?'

"तू सांगशील म्हणून थांबलो."

कालिंदीला रडू आलं नाही. ते येऊन गेलेलं असावं दुपारीच. ती उठली, स्टूल घेतलं आणि कपाटावरून गिटार उतरवली. तारा गंजून तांबूस झाल्या होत्या. नळीचा तुकडा गिटारच्या पोटातच खुळखुळत होता; उलटी करून हलवल्यावर बाहेर पडला. आनंदा नको म्हणाला, मग हातात घेतली. आता त्याला खालची तारसुद्धा ऐकू येत नव्हती. त्याने हनुवटी लाकडावर टेकली, हाडातून जे येईल ते घ्यायला, नळी करंगळीत घातली आणि एक ओळ वाजवली. तीच पुन्हा वाजवली. डोळे त्याचे गिटारवर नव्हते, तिच्या पायावर होते.

अंगठा हलला नाही. त्याने हात थांबवला.

"साफ?"

एवढ्या वर्षांनी विचारलेला प्रश्न. हो म्हणून टाकावं, असं कालिंदीच्या अगदी ओठांवर आलं. तिने दिव्याकडे तोंड केलं.

"नाही," ती म्हणाली. "वरची तार उतरलीय."

त्याने खुंटी पिळली. तार कुरकुरली, ते तिला ऐकू आलं, त्याला नाही. ती कुठल्या पिळाला तुटेल याचा काही नेम नव्हता.

"आता?"

"अजून नाही," कालिंदी म्हणाली.